नवा लॅपटॉप मागवताना काय घ्यायचं, काय टाळायचं: खान्देशातल्या नवख्यांसाठी

२०२२ साली मी माझा पहिला स्वतःचा लॅपटॉप मागवला. चोपड्यात मी व्यापाऱ्यांचे हिशेब ठेवते, जीएसटीची विवरणपत्रं भरते. सेलमध्ये आय५ प्रोसेसर दिसला, ८ जीबी रॅम (चालू कामं धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी) दिसली, 'रॅम काय, नंतर वाढवू' असं म्हणून ऑर्डर टाकली. दीड वर्षात टॅली, एक्सेलच्या दोन-तीन फायली आणि जीएसटीचं पोर्टल एकत्र उघडलं की तो जागीच बसायला लागला. महिन्याची वीस तारीख तोंडावर आली की माझा जीव वरखाली व्हायचा. शेवटी एसटीने जळगावला गेले आणि गोलाणी मार्केटमधल्या एका दुकानात रॅम वाढवायला दिला. दुकानदाराने एकेक करून सगळे स्क्रू काढले, मागचं झाकण नखाने अलगद उचकटलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मदरबोर्डवर चार काळ्या चिपा चिकटलेल्या होत्या. रॅमची पट्टी बसवायची खाच, म्हणजे स्लॉट, कुठेच नव्हता. "ताई, ही सोल्डरची रॅम आहे. हिच्यात काही वाढत नाही," तो म्हणाला. झाकण लावून दिलं आणि पैसेही घेतले नाहीत.

गेल्या वर्षी भाचीला शिरपूरला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि अडावदहून भावाचा फोन आला, "ताई, कोनता लेवाना?" (कोणता घ्यायचा?) या वेळी मी तीन आठवडे तपशीलपत्रं वाचली, दुकानदारांना विचारलं आणि मगच ऑर्डर दिली. तेव्हा जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते.

सगळ्याच्या मुळाशी एकच हिशेब आहे. जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आज पैसा घाला. प्रोसेसर, पडदा, सोल्डर केलेली रॅम, पंखा आणि बॉडी, कीबोर्ड या गोष्टी घेतल्या तशाच शेवटपर्यंत राहतात. एसएसडी (फायली साठवणारी डिस्क), स्लॉटमधली रॅम, माऊस, बॅग हे पुढे कधीही घेता येतं. विकणाऱ्याच्या पानावर मात्र हे उलटं मांडलेलं असतं: बॅग फुकट, एसएसडी मोठी असं ठळक अक्षरात, आणि पडदा किती उजेडाचा ते सगळ्यात खाली.

१. आधी काम लिहून काढा

कागद घ्या आणि पुढची चार वर्षं या यंत्रावर नक्की काय करणार ते लिहा. कोणते सॉफ्टवेअर चालवायचे त्यांची नावंही लिहा.

टॅली, एक्सेल, जीएसटी, ई-वे बिल, बँकेची कामं: साधा चालू पिढीचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम. वेगळं ग्राफिक्स कार्ड (चित्र-व्हिडिओचं काम करणारी वेगळी चिप) लागत नाही.

एमपीएससीचा अभ्यास, ऑनलाइन क्लास, पीडीएफ: याहून साध्या प्रोसेसरवरही भागतं. इथे पैसा चांगल्या पडद्यावर आणि बॅटरीवर घाला, कारण डोळे दिवसभर त्यावरच असणार.

इंजिनीअरिंग: कॉम्प्युटर आणि आयटीला रॅम महत्त्वाची. सिव्हिल-मेकॅनिकलला थ्रीडी ड्रॉइंग आलं की ग्राफिक्स कार्डाचा विचार करा. कॉलेजात पहिल्या वर्षी काय वापरतात ते सीनियर मुलांना विचारा. ते दुकानदारापेक्षा खरं सांगतात.

लग्नाचे व्हिडिओ, फोटो एडिटिंग: पडद्याचे रंग, ग्राफिक्स कार्ड, मोठी एसएसडी, तिन्ही लागतात. इथे बजेट वाढतंच.

सॉफ्टवेअरची नावं लिहायला सांगितली त्याला कारण आहे. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे, सॉलिडवर्क्सही फक्त विंडोजवर चालतं. मॅकबुक कितीही आवडला तरी ही कामं असतील तर तो घेऊ नका. आणखी एक नवा सापळा आहे: स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप. बॅटरी छान टिकते, तापतात कमी, पण ते एआरएम जातीचे, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचे आहेत. जुन्या प्रिंटरचा, बारकोड यंत्राचा किंवा डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) एआरएमसाठी बनलेला नसेल तर ते उपकरण चालत नाही. माझ्यासारखं ज्यांचं पोट डिजिटल सहीवर आहे, त्यांनी टोकन देणाऱ्याला आधी फोन करून विचारावं.

२. प्रोसेसर: 'आय५' म्हणजे काहीच सांगितलं नाही

'आय५ आहे' एवढ्यावर कधीच भुलू नका. पूर्ण नंबर मागा. दुकानदार सांगत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

इंटेलच्या जुन्या पद्धतीत आय५-१२३५यू यातले पहिले दोन आकडे पिढी सांगतात, म्हणजे ही बारावी पिढी. शेवटचं अक्षर वीज सांगतं. 'यू' म्हणजे कमी विजेचा, साधारण १५ वॅटच्या वर्गातला. 'एच' म्हणजे ४५ वॅटच्या वर्गातला, जोरदार आणि तेवढाच तापणारा. डिसेंबर २०२३ पासून इंटेलने 'आय' काढून 'कोअर अल्ट्रा ५', 'कोअर अल्ट्रा ७' अशी नावं आणली. त्याच सुमारास 'अल्ट्रा' शब्द नसलेले 'कोअर ५ १२०यू' वगैरेही आले. ते आतून आधीच्याच रचनेचे आहेत. वाईट नाहीत, फक्त नव्याच्या भावात घेऊ नका.

एएमडीच्या रायझनमध्ये गोंधळ जास्त आहे. सात हजारच्या मालिकेत चार आकडे असतात आणि त्यातला तिसरा आकडा खरी रचना सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २ आहे, म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या रचनेचं नाव). ही रचना २०१९ ची. ७५३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३. ७६४०यू मध्ये ४, म्हणजे झेन ४. तिघांवर 'रायझन ५' असंच स्टिकर असतं, आणि भाव पाहिला तर ७५२०यू सगळ्यात स्वस्त म्हणून सेलमध्ये पुढे असतो. वरून त्याची रॅम कायम सोल्डरचीच असते. भावाने मला पहिला जो फोटो पाठवला तो याच प्रोसेसरच्या लॅपटॉपचा होता.

सेलेरॉन किंवा 'एन' ने सुरू होणारे नंबर टायपिंगपुरते ठीक. कॉलेजच्या मुलाला चार वर्षांसाठी हे घेऊन देऊ नका.

३. रॅम: इथे सगळ्यात जास्त लोक फसतात

विंडोज ११ सुरू झाल्या झाल्या ती स्वतः आणि तिच्यामागे चालणाऱ्या गोष्टी मिळून साधारण ३ ते ४ जीबी रॅम खातात. उरलेल्यात तुमचं काम. म्हणून आज ८ जीबी घेऊन तिथेच थांबायचं असेल तर घेऊच नका. १६ जीबी हा पाया धरा. ज्यांना व्हिडिओ किंवा जड ड्रॉइंग करायचं त्यांनी ३२.

ऑर्डरच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरं लेखी मिळवा, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी:

रॅम सोल्डरची आहे की स्लॉटमध्ये?
स्लॉट किती आणि त्यातले रिकामे किती?
जास्तीत जास्त किती जीबी चालते?

'एलपीडीडीआर' असं लिहिलेलं दिसलं की जवळपास नेहमीच ती सोल्डर केलेली असते, मग जेवढी हवी तेवढी आजच घ्या. नुसतं 'डीडीआर४' किंवा 'डीडीआर५' असेल तर स्लॉट असण्याची शक्यता चांगली आहे, पण काही लॅपटॉपमध्ये अर्धी रॅम सोल्डरची आणि एकच स्लॉट असतो. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर रॅम प्रोसेसरच्याच पाकिटात बसवलेली असते, १६ किंवा ३२ जीबी. घेतल्यावर त्यात कधीच बदल होत नाही. मॅकबुकचंही तसंच.

ही उत्तरं विकणाऱ्याच्या पानावर बहुतेक वेळा नसतात. कंपनीच्या स्वतःच्या सपोर्ट पानावर असतात. लेनोवोचं पीएसआरईएफ नावाचं पान आहे, त्यात मॉडेल टाकलं की स्लॉट किती ते स्पष्ट लिहिलेलं सापडतं. एचपीची 'मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड' आणि डेलचं 'ओनर्स मॅन्युअल' पीडीएफमध्ये मिळतं. त्यात झाकण उघडून कोणता भाग कुठे आहे याची चित्रं असतात. मी तीन आठवड्यांतला अर्धा वेळ याच पीडीएफ पाहण्यात घालवला आणि तो सगळ्यात चांगला खर्च झाला.

दोन स्लॉट असतील तर एक १६ जीबीची पट्टी घेण्यापेक्षा ८ आणि ८ अशा दोन पट्ट्या जास्त वेग देतात, कारण दोन्ही वाटांनी काम होतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये हा फरक चांगला जाणवतो, कारण चित्राचं कामही याच रॅमवर चालतं. पण पुढे ३२ करायचं नक्की असेल तर एकच १६ ची पट्टी घ्या आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवा.

आणि एक बदललेली गोष्ट. आधी सगळे सांगायचे की कंपनीकडून कमी रॅम घ्या, बाहेरून पट्टी टाका, निम्म्यात होतं. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जोरात चढले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी उत्पादन एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवलं. त्यामुळे जुना सल्ला डोळे मिटून पाळू नका. ऑर्डर देताना कंपनीच्या पानावर ८ चे १६ करायला किती जास्त लागतात ते बघा, त्याच दिवशी बाजारात पट्टीचा भाव विचारा आणि स्वस्त पडेल तिकडे जा. घरातल्या जुन्या लॅपटॉपची डीडीआर४ पट्टी नव्या डीडीआर५ स्लॉटमध्ये बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. जोर लावून बघू नका.

४. एसएसडी: इथे हात आखडला तरी चालेल

५१२ जीबी बहुतेकांना पुरते. विंडोजमध्ये ती ४७६ दिसेल. दुकानदाराने काही काढून घेतलेलं नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींतला फरक आहे.

'एनव्हीएमई' (एसएसडीची वेगवान जात) असं लिहिलेली घ्या. जुन्या हार्डडिस्कवाला लॅपटॉप आज कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. 'ईएमएमसी' असेल तरीही नको, ती हळूही असते आणि बोर्डावर चिकटलेलीही. तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई सेकंदाला साधारण ३५०० एमबी वाचते, चौथ्या पिढीची ७००० पर्यंत जाते. कागदावर दुप्पट, पण टॅली उघडताना हा फरक डोळ्याला दिसत नाही. तेवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

विचारायचं ते एवढंच: दुसरा एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) आहे का? आणि त्यात किती लांबीची बसते? एसएसडीवर २२८०, २२४२, २२३० असे आकडे असतात. २२ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, पुढचे आकडे लांबी. २२८० सगळ्यात सहज मिळते.

५. पडदा: याच्यावर कंजुषी केली तर रोज पश्चात्ताप

माझ्या पहिल्या लॅपटॉपचा पडदा २५० निट्सचा होता. निट्स म्हणजे पडद्याचा उजेड. ऑफिसात ट्यूबलाइटखाली ठीक दिसायचं. पण दुपारी लाईट गेली की आमच्याकडे ओसरीतच बसावं लागतं, तिथे वारा असतो. समोर अंगणात ऊन असं पडलेलं असायचं की पडद्यावर मला लेजरच्या ऐवजी माझाच चेहरा दिसायचा. पांढऱ्या ओढणीचा तंबू करून मी त्याखाली एंट्र्या मारल्या आहेत.

म्हणून ३०० निट्सच्या खाली जाऊ नका. ४०० मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या. 'अँटिग्लेअर' म्हणजे चमक नसलेला पडदा घ्या. ओएलईडीचे रंग फार सुंदर असतात, पण त्यांतल्या बऱ्याच पडद्यांवर काचेसारखी चमक असते. घेण्याआधी दुकानात दाराजवळ नेऊन बघा.

दुसरी गोष्ट रंगांची. तपशीलपत्रात '४५% एनटीएससी' असं लिहिलं असेल तर तो स्वस्तातला पडदा समजा. हिशेबाला चालतो, पण केळीचा घड पिवळा की हिरवट हे त्यावर ओळखता येणार नाही. फोटो-व्हिडिओवाल्यांनी '१००% एसआरजीबी' लिहिलेलाच घ्यावा. पॅनेल 'आयपीएस' असू द्या. 'टीएन' असेल तर जरा तिरकं बघितलं की रंग फिके पडतात.

१९२०×१२०० चा पडदा १९२०×१०८० पेक्षा थोडा उंच असतो. एक्सेलमध्ये खाली चार-पाच ओळी जास्त दिसतात. दिवसभर खतावणी बघणाऱ्याला याची किंमत कळते.

६. ऊन आणि धूळ: तपशीलपत्रात खान्देश नसतो

बऱ्याच लॅपटॉपच्या तपशीलपत्रात वापरण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत तर विचारूच नका. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपेक्षा तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे जास्त पैसे देऊन घेतलेला 'एच' प्रोसेसर बिना कूलरच्या खोलीत दुपारी दोन वाजता 'यू' सारखाच चालू शकतो, वर पंख्याची घरघर वेगळी.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. खोलीत कूलर-एसी नसेल आणि काम हिशेबाचं, अभ्यासाचं असेल तर 'यू' प्रोसेसर घ्या. गेमिंग किंवा ड्रॉइंगसाठी 'एच' घ्यायचाच असेल तर अगदी पातळ, चपटं मॉडेल टाळा आणि दोन पंखे असलेलं बघा. गरम हवा कुठून बाहेर पडते तेही पाहा. हवा खालून आत घेणारा लॅपटॉप गोधडीवर किंवा गादीवर ठेवला की त्याचा श्वासच कोंडतो. लाकडी पाट त्याखाली ठेवला तरी मोठा फरक पडतो.

धुळीचं सांगते. एका जिनिंगच्या ऑफिसात मी हंगामभर बसत होते. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत तिथे हवेतच कापूस उडतो. एप्रिलमध्ये लॅपटॉप विमानासारखा आवाज करायला लागला. उघडला तर पंख्याच्या तोंडाशी, तांब्याच्या नळीजवळच्या बारीक पात्यांवर, कापसाचा नमद्यासारखा थर बसलेला. चिमट्याने ओढला तर अख्खी पट्टीच निघाली. तेव्हापासून दर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी मी पंखा साफ करून घेते. ऑर्डर देण्याआधी विचारा: मागचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतं का, आणि उघडल्याने वॉरंटी जाते का. कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत, उत्तर लेखी घ्या.

७. बॅटरी, चार्जर आणि अर्थिंग

'१० तास चालते' हे वाक्य सोडून द्या. वॅट-आवर बघा. साधं काम करताना लॅपटॉप ७ ते १० वॅट खातो असं धरलं तर ४२ वॅट-आवरची बॅटरी चार ते सहा तास देईल, ६० ची सहा ते आठ. एकाच मॉडेलमध्ये लहान-मोठी बॅटरी निवडायला मिळत असेल तर मोठी घ्या. नंतर बदलता येते, पण त्या मॉडेलची अस्सल बॅटरी आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि लोकल टाकली तर फुगायची भीती.

उष्णतेत पूर्ण भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. बहुतेक कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. दिवसभर प्लगला लावून काम करत असाल तर पहिल्याच दिवशी ती चालू करा.

चार्जर शक्यतो यूएसबी-सी चा, ६५ वॅटचा असू द्या. बिघडला तर दुसरा कुठेही मिळतो. कंपनीच्या वेगळ्याच गोल पिनेचा असेल तर तालुक्याच्या गावी शोधत बसावं लागतं.

आता अर्थिंग. तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या कन्व्हर्टरवर लावला आणि लॅपटॉप धातूच्या बॉडीचा असेल तर मनगट टेकवलं की बारीक झिणझिण्या येतात. मला वाटलं माझा लॅपटॉप खराब निघाला. वायरमनने सॉकेट उघडलं तर अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. चार्जरमधला थोडासा विजेचा अंश जमिनीत जायला हवा, त्याला वाट नव्हती. घरात अर्थिंग नीट करून घ्या, ते माणसांसाठीही हवंच. आणि लाईट परत येताना जो झटका येतो त्यासाठी चांगला स्पाइक गार्ड घ्या.

८. ग्राफिक्स कार्ड

काम लिहिलेल्या कागदावर थ्रीडी, व्हिडिओ किंवा गेम नसेल तर घेऊ नका. घ्यायचंच असेल तर नुसतं नाव बघू नका. आरटीएक्स ३०५० हे ४ जीबीतही येतं आणि ६ जीबीतही. आणि तेच कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॅटवर चालवलेलं असतं. कमी वॅट म्हणजे कमी जोर. हा आकडा तपशीलपत्रात 'टीजीपी' म्हणून असतो.

९. कीबोर्ड, पोर्ट, वायफाय

बॅकलिट कीबोर्ड घ्या. हा नंतर लावता येत नाही आणि रात्री लाईट गेली की याच्यासाठी देवाचे आभार मानाल. आकड्यांचं काम असेल तर उजवीकडे नंबर पॅड हवाच, म्हणजे बहुधा १५.६ इंचाचा लॅपटॉप. रोज बसने कॉलेजला नेणाऱ्याला मात्र १४ इंचच बरा, वजनात फरक पडतो. वायफाय ६ पुरे. मराठी टायपिंगसाठी वेगळं काही घ्यायला नको, विंडोजमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट असतंच.

१०. विंडोज आणि ऑफिस

'डॉस' किंवा 'फ्रीडॉस' लिहिलेला, म्हणजे विंडोज नसलेला लॅपटॉप स्वस्त पडतो. मग दुकानदार म्हणतो, 'विंडोज टाकून देतो, फुकट.' ती क्रॅक, म्हणजे चोरीची असते. ज्या यंत्रावर लोकांचे पासवर्ड आणि बँकेचे हिशेब आहेत तिथे असलं काही येऊ देऊ नका. कंपनीची विंडोज घ्या. तिचा परवाना मदरबोर्डात नोंदलेला असतो, पुढे एसएसडी बदलली तरी पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. होम आवृत्ती पुरते. घरून या लॅपटॉपवर रिमोट डेस्कटॉपने शिरायचं असेल तरच प्रो लागते. विंडोज १० वाला जुना साठा कोणी देत असेल तर लक्षात घ्या, तिचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

ऑफिस 'ट्रायल' आहे, वर्षाचं आहे की कायमचं, ते बिलावर लिहून घ्या. सोबत मिळालेलं ऑफिस ठरावीक मुदतीत आपल्या खात्याला जोडावं लागतं, राहून गेलं तर हातचं जातं. विद्यार्थ्यांनी आधी कॉलेजला विचारावं, अनेक कॉलेजांच्या ईमेलवर मायक्रोसॉफ्टचं ऑफिस फुकट मिळतं. लिब्रेऑफिस तर सगळ्यांनाच फुकट आहे. ऑर्डरच्या पानावर अँटिव्हायरसच्या चौकटीतली खूण काढून टाका, विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे.

११. वॉरंटी: आधी पिनकोड टाका

'ऑनसाइट' म्हणजे माणूस घरी येतो. 'कॅरी-इन' म्हणजे तुम्ही लॅपटॉप घेऊन जायचं, आणि सेंटर जळगाव, धुळे नाहीतर थेट नाशिकला. शहादा, तळोदा, यावल, चोपडा अशा ठिकाणच्या माणसाचा यात एक दिवस आणि मजुरी जाते. म्हणून कंपनीच्या सेवाक्रमांकावर फोन करा, पिनकोड सांगा आणि विचारा की ऑनसाइट इथे मिळते का. ऑर्डर देताना पानावर 'ऑनसाइट' छापलेलं असतं, पण ती सोय प्रत्येक गावाला असतेच असं नाही.

माझ्या मते बॅग, माऊस, ५१२ ची १ टीबी यांऐवजी तोच पैसा वॉरंटी तीन वर्षांची करायला घाला. होस्टेलला जाणाऱ्या मुलांसाठी पडझडीचं संरक्षणही घ्या. पडदा एकदा फुटला की त्याची किंमत वसूल होते.

१२. ऑर्डर: कुठून, कधी, काय हाताशी ठेवायचं

कंपनीच्या साइटवर 'कस्टमाइझ' करून मागवता येतं. तिथे आपल्याला हवं ते मिळतं, पण यायला जास्त दिवस लागतात आणि खास बनवून घेतलेली ऑर्डर बहुधा परत होत नाही. प्रवेशाची गडबड सुरू व्हायच्या आधी द्या. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये भाव उतरतात. घरात कापसाचा पैसा त्यानंतर येतो, त्यामुळे अनेकजण हप्त्यावर घेतात. 'नो कॉस्ट ईएमआय' मध्ये व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तरीही लागते, ती आधी बघा.

हाताशी ठेवा:

विद्यार्थी सवलतीसाठी कॉलेजचं ओळखपत्र किंवा प्रवेशाची पावती
हप्त्यासाठी आधार, पॅन, बँकेचा तपशील
धंद्यासाठी घेत असाल तर जीएसटी क्रमांक. लॅपटॉपवर १८% जीएसटी आहे, तो क्रेडिट म्हणून घ्यायचा तर क्रमांक ऑर्डर देतानाच टाका, नंतर बिल बदलून मिळणं कठीण
पूर्ण मॉडेल नंबर लिहिलेला कागद. शेवटची दोन अक्षरं बदलली तरी पडदा किंवा रॅम बदलते

दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन, पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर हवा. कच्च्या पावतीवर कंपनीकडे दाद मागता येत नाही.

१३. खोका आल्यावर पहिल्या तासात

डिलिव्हरी देणाऱ्यासमोर खोका सगळ्या बाजूंनी बघा. सील फाडण्यापासून लॅपटॉप सुरू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढा, मध्ये थांबवू नका.

खोक्यावरचा, लॅपटॉपच्या पाठीवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळतो का बघा. तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाका. वॉरंटी सहा महिन्यांपूर्वीच सुरू झालेली दिसली तर तो वापरून परत आलेला माल असू शकतो. वॉरंटी आजपासून करून घ्या, नाहीतर परत करा.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स' मध्ये 'मेमरी' वर गेलात की रॅम किती, किती स्लॉट वापरात आहेत, ते दिसतं. 'फॉर्म फॅक्टर' समोर 'रो ऑफ चिप्स' असेल तर ती सोल्डरची. शेजारीच प्रोसेसरचं पूर्ण नाव आहे, कागदाशी ताडून बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर एसएसडी आजवर किती तास चालली ते सांगतं. नव्यात हा आकडा अगदी लहान असतो.

पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून मेलेले ठिपके शोधा. प्रत्येक बटण दाबा, कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर, प्रत्येक पोर्टमध्ये पेनड्राइव्ह. परत करायची मुदत थोड्याच दिवसांची असते, 'रविवारी बघू' म्हणू नका.

शेवटची एक गोष्ट कोणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, तिला बिटलॉकर म्हणतात. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा काही सेटिंग हललं की यंत्र ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर सगळा डेटा गेला. ती की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आजच शोधा, कागदावर उतरवा, दोनदा ताडून बघा आणि बिलासोबत ठेवा. भाचीची की वहिनीने दागिन्यांच्या डब्यात ठेवली आहे.